औरंगाबाद बघायचा रविवार

"ही गोधडी कुणी ओली केली?"

रत्नामावशी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. गोधडी तिनं दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरली होती. आवाजात राग नव्हता, पण प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत ती तिथून हलणार नाही हे दिसत होतं. दिगंबरकाका खुर्चीत पेपर वाचत होते. आई स्टोव्हपाशी बसून चहा गाळत होती. माझी थोरली बहीण शकू मागच्या दारी दात घासत होती. आणि मी बशीतला चहा पीत, ज्या फ्रॉकमध्ये झोपले होते त्यापेक्षा वेगळाच फ्रॉक घालून बसले होते.

"शकूनं," मी म्हणाले.

का म्हणाले, ते आजही नीट सांगता येणार नाही. मी नऊ वर्षांची होते. मावशीच्या घरी फुलांच्या पडद्यांचं कपाट होतं, कपाटावर रेडिओ होता, आणि काकांनी आदल्या संध्याकाळी आम्ही आल्या आल्या आम्हाला पाय धुऊन मगच आत यायला सांगितलं होतं. अशा घरात गोधडी ओली करणारी पोर मला व्हायचं नव्हतं. एवढंच.

पण आईला खरं माहीत होतं. उजाडायच्या सुमारास तिनंच मला उठवलं होतं, अंगावरचा फ्रॉक काढून दुसरा घातला होता आणि ओला फ्रॉक मोरीत नेऊन पिळून ठेवला होता. मी तिच्याकडं पाहिलं. आता ती म्हणेल, 'खोटं बोलायलीस का गं?' आणि पाठीत एक धपाटा बसेल. आईनं गाळणी कपावर तशीच धरली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग ती पुन्हा चहा गाळू लागली.

काकांनी पेपर खाली केला. "एवढ्या मोठ्या मुलीनं?"

"अकरावं सरलं ना गं तिला?" मावशीनं आईला विचारलं.

"हूं," आई म्हणाली.

"नेहमीचं आहे का हे?"

आई काहीच बोलली नाही.

शकू तोंड पुसत आत आली. मावशीनं तिला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "बाळा, रात्री गोधडी तू ओली केलीस?"

शकूनं आधी माझ्याकडं पाहिलं. मी बशीत तोंड घातलं. मग तिनं आईकडं पाहिलं. आई चहाचे कप पुसत होती.

"हो," शकू म्हणाली.

माझी शकू! मी तिची पाटी फोडली, तर दिवसभर माझ्या मागं धावणारी, माझ्या वाट्याचा शेंगदाणासुद्धा मोजून घेणारी शकू. ती 'हो' म्हणाली आणि गुपचूप भिंतीला टेकून बसली. काका आणि मावशीनं एकमेकांकडं पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी होणार. पण काका उठले आणि म्हणाले, "आवरा लवकर. ऊन व्हायच्या आत पाणचक्की बघून घेऊ."

आम्ही जालन्याच्या पुढच्या मंठ्याच्या. वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, शिलाईचं काम करायचे. आमच्या पाठीवर दोन भाऊ होते, त्यातला धाकटा सारखा आजारी असायचा. रत्नामावशी आईची थोरली बहीण. तिला मूल नव्हतं. काका पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात होते. दिवाळीची सुट्टी संपत आली तेव्हा एक दिवस आई म्हणाली, "मावशीनं बोलावलंय. औरंगाबाद बघून येऊ." भाऊ नानांजवळ राहिले. आम्ही दोघीच आईबरोबर निघालो.

मला तेव्हापासूनच काही गोष्टी कळत नव्हत्या. एक म्हणजे, नानांनी शकूला नवा फ्रॉक शिवला होता, निळा, कॉलरचा. मला नव्हता. आणि दुसरं, दोन दिवसांसाठी आईनं ट्रंक घेतली होती, आणि त्यात शकूचे सगळे कपडे भरले होते. सगळे. तिची शाळेची पुस्तकंसुद्धा. माझे मात्र दोनच फ्रॉक, पिशवीत. मी रडून बघितलं, तर नाना शिलाईचं मशीन थांबवून म्हणाले, "पुढच्या वेळी तुला." आणि मग ते बराच वेळ मशीन न चालवता नुसतेच बसून राहिले.

पाणचक्कीला आम्ही चालत गेलो. मावशी खडकेश्वरला राहायची, तिथून ती फार लांब नाही. आदल्या संध्याकाळी स्टँडवरून येताना काकांनी शकूचा हात धरला होता, तिला दुकानांच्या पाट्या वाचायला लावल्या होत्या. आज ते माझ्याजवळ आले.

"काय मंदाकिनीबाई, कितवीत?"

"चौथीत."

"पाढे येतात?"

"तीसपर्यंत."

"तीसपर्यंत!" त्यांनी मागं वळून मावशीकडं पाहिलं. "म्हणा बरं एकोणिसाचा."

मी म्हणायला लागले. रस्त्यानं सायकली जात होत्या, टांगे जात होते, एक बुरखेवाल्या बाई आपल्या मुलाला ओढत चालल्या होत्या, आणि मी एकोणीस सत्ते तेहेतीसासे म्हणत काकांच्या बोटाला धरून चालले होते. मला फार भारी वाटत होतं. पण मधेच मी मागं बघितलं तर आई आणि मावशी लांब राहिल्या होत्या, आणि शकू त्या दोघींच्याही मागं, एकटी, नव्या फ्रॉकची कॉलर चावत येत होती.

पाणचक्कीत शिरलं की आधी आवाज येतो. उंच भिंतीवरून पाण्याचा पडदा धाडकन हौदात पडतो. हौदात मासे होते, हातभर लांब. मी कठड्यावर ओणवी झाले. काका सांगत होते, की हे पाणी तिकडच्या डोंगरातून जमिनीखालून, मातीच्या नळांनी येतं, कित्येक मैलांवरून. ना पंप, ना इंजिन, आणि इतकी वर्षं झाली तरी येतंय. मग त्यांनी आम्हाला जातं दाखवलं. पाण्याच्या जोरानं मोठा दगड फिरत होता. पूर्वी फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी इथं पीठ दळत, असं ते म्हणाले.

"आता का दळत नाहीत?" मी विचारलं.

"आता गिरण्या आल्या."

"मग दगड उगाच फिरतो?"

काका हसले. मावशीही हसली. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मंदा, तुला इथं राहायला आवडेल का गं?"

मी आजूबाजूला पाहिलं. मोठं थोरलं वडाचं झाड होतं, सावली होती, मासे होते. "आवडेल," मी म्हणाले. "पण रात्री बंद करत असतील ना?"

काका इतके मोठ्यानं हसले की हौदापाशी बसलेली माणसं बघायला लागली. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. हसता हसता आलं असेल, असं मला वाटलं. आई हसली नाही. ती वडाच्या पारावर जाऊन बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

मी शकूजवळ गेले. ती हौदाच्या कोपऱ्यात उभी राहून माशांना चुरमुरे टाकत होती. तिच्याशी बोलायची मला भीती वाटत होती, पण न बोलण्याचीही वाटत होती.

"तू हो का म्हणालीस?" मी विचारलं.

"काय?"

"गोधडीचं."

तिनं एक एक चुरमुरा टाकला. मासे तोंड वासून वर आले.

"आता मला मारणार का तू? घरी गेल्यावर?"

"नाही मारणार."

"आईला सांगणार?"

"आईला माहीत नाही का?" ती म्हणाली. मग तिनं इकडंतिकडं बघून माझा दंड घट्ट धरला. "हे बघ मंदे. काकांनी काही विचारलं, की नीट सांगायचं. पाढे म्हणायचे. कविता येते ना तुला, ती म्हणून दाखव. मावशीनं दिलं ते सगळं खायचं, नको म्हणायचं नाही."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"बक्षीस आहे का काही?"

शकूनं माझा दंड सोडला. उरलेले सगळे चुरमुरे तिनं एकदम पाण्यात टाकले आणि हात झटकले. "हो," ती म्हणाली.

मग काय! बक्षीस आहे म्हटल्यावर मी मागंपुढं पाहिलं नाही. मकबऱ्याला आम्ही टांग्यानं निघालो. मी पुढं टांगेवाल्याशेजारी काकांच्या मांडीवर बसले आणि वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचली. दोन कविता म्हटल्या. जिल्ह्यातल्या नद्या सांगितल्या. काकांनी मला घोड्याचा लगाम क्षणभर धरायला दिला. मागं आई, मावशी आणि शकू बसल्या होत्या. टापांच्या आवाजात त्यांचं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं.

"तूच शब्द दिला होतास इंदू," मावशी म्हणत होती.

"दिला होता ना. फिरवलाय का मी?"

"तसं नाही गं. पण यांचं म्हणणं, थोरलीला काही दुखणं असलं, तर आधी दाखवायला पाहिजे कुणाला तरी. आणि ती अशी गप्प गप्प. धाकटी कशी धीट आहे बघ."

"तुम्ही बघा आक्का. तुम्हाला काय वाटतं ते बघा."

"तू सांग ना. तू आई आहेस."

आईनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. काही दिलं की नाही, तेही माहीत नाही. धाकटी म्हणजे मी, आणि धीट म्हणजे चांगलं, एवढंच मला कळलं. थोरलीला दुखणं कसलं, ते कळेना. शकूला कधी साधी सर्दीही होत नसे.

बीबीचा मकबरा बघून मी दारातच थांबले. पांढराशुभ्र, चार कोपऱ्यांना चार मिनार, आणि मधोमध लांबच लांब पाण्याची पट्टी. इतकी मोठी जागा, आणि ती कुणा एकाच बाईसाठी! आत एक संगमरवरी जाळीचा कठडा आहे, त्यावरून वाकून खाली पाहिलं की कबर दिसते. काकांनी मला उचलून धरलं.

"ही बादशहाची बायको. तिच्या मुलानं तिच्यासाठी बांधलं हे सगळं," ते म्हणाले.

"ती मेली तेव्हा तो केवढा होता?" हे शकूनं विचारलं. दिवसभरात तिनं काकांना विचारलेला तो एकच प्रश्न.

"ते काही माहीत नाही बुवा," काका म्हणाले, आणि मला खाली ठेवून त्यांनी शकूकडं जरा वेळ पाहिलं. "विचारून ठेवीन हं मी कुणाला तरी." ते आणखी काही बोलणार होते असं वाटलं. पण मी त्यांचा हात ओढला.

बागेत झाडाखाली सतरंजी टाकून आम्ही जेवलो. मावशीनं पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आणली होती, डब्यात श्रीखंड होतं. मी माझं ताट पुढं ओढलं, तर आईनं ते आपल्याकडं घेतलं आणि मला भरवायला लागली. भाऊ झाल्यापासून आईनं मला कधी भरवलं नव्हतं. मला लाज वाटली.

"मी खाते ना."

"खा गं."

"काका बघतायत."

"बघू दे."

ती घास करायची, माझ्या तोंडात घालायची, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायची. स्वतः तिनं पुरीचा तुकडासुद्धा मोडला नाही. मी शकूकडं पाहिलं. शकू खाली मान घालून भरभर जेवत होती, कुणीतरी ताट ओढून घेईल अशी. मला वाटलं, आई माझ्यावर चिडलीय, म्हणून अशी वागतेय. पण चिडल्यावर कुणी श्रीखंड भरवतं का?

"आई, मी खोटं बोलले," मी तिच्या कानाशी जाऊन पुटपुटले. "सकाळी."

"माहीतंय मला," आई तशीच हळू म्हणाली. "आता गप बस. कुणाला सांगू नको." आणि तिनं पुढचा घास केला.

परत येताना गुलमंडीवर काकांनी टांगा थांबवला आणि मला एका दुकानात नेलं. माझा पाय पाटावर ठेवून दुकानदारानं माप घेतलं आणि मला लाल पट्ट्याच्या सँडल घातल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या सँडल. हेच बक्षीस, मी मनात म्हटलं. मी शकूला हरवलं. बाहेर येऊन मी तिला पाय दाखवला. ती म्हणाली, "छान आहेत." खरंच तसंच म्हणाली, चेहऱ्यावर काही हेवा नाही, काही नाही. सँडल मिळाल्याचा निम्मा आनंद तिथंच गेला.

घरी आल्यावर शकू आतल्या खोलीत गेली आणि जुना फ्रॉक घालून बाहेर आली. निळा फ्रॉक तिनं घडी करून माझ्या मांडीवर ठेवला.

"तुला घे."

"मला मोठा होईल."

"होशील तू मोठी."

आई ट्रंक उघडून बसली होती. तिनं शकूची पुस्तकं आणि एकच फ्रॉक बाहेर काढून पिशवीत भरला. बाकीचे कपडे ट्रंकेतच राहिले, आणि ट्रंक पलंगाखाली सरकवली गेली. आता मी हे सांगते तेव्हा सगळं अगदी स्वच्छ दिसतं. पण तेव्हा मला एवढंच वाटलं, की आई ट्रंक विसरतेय. "आई, ट्रंक," मी म्हणालेसुद्धा. ती "असू दे" म्हणाली.

स्टँडवर मंठ्याची गाडी लागलेली होती. गर्दी होती. आई आणि शकू चढल्या. त्यांना खिडकीशी जागा मिळाली. मी चढायला गेले तर मावशीनं माझा हात धरला होता. मला वाटलं, गर्दी ओसरली की ती सोडेल.

"आई, माझी जागा धर," मी खिडकीखालून ओरडले.

आई खिडकीतून वाकली. "मंदा, तू राहा मावशीकडं."

"आज?"

"आता इथंच शाळेत जायचं. काका नाव घालणार आहेत. मोठी शाळा आहे."

"आणि तू?"

"मी येते ना."

"कधी?"

"संक्रांतीला येते."

"शकू पण राहणार?"

आईनं मान हलवली. ती हो होती की नाही, तेही मला कळेना. शकू तिच्या पलीकडं बसली होती आणि समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्याकडं एकटक बघत होती. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात सकाळपासूनचं सगळं एकदम फिरलं: गोधडी, पाढे, फ्रॉक, घास. काही जुळलं नाही, पण हे सगळं गोधडीपासून सुरू झालं एवढं मला कळलं. मी मावशीच्या हाताला हिसडा दिला आणि गाडीच्या मागं धावले.

"मी केली होती! आई! गोधडी मी ओली केली होती! शकूनं नाही, मी!"

लोक बघायला लागले. कुणीतरी हसलं. गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर वळली. नव्या सँडलनं पाय लचकला आणि मी पडले. काकांनी मला उचललं. मावशी रडत होती. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते, की ती मीच, शकूला काही झालेलं नाही, ती चांगली आहे, तिला परत बोलवा, मला पाठवा. काका फक्त माझी पाठ थोपटत राहिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना त्यांनी रबराचं कापड आणलं आणि कुणाशी काही न बोलता माझ्या गादीवर, चादरीखाली पसरून ठेवलं. म्हणजे त्यांना समजलं होतं. मग तरी त्यांनी मला परत का पाठवलं नाही? हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. ते माझ्याशी इतके चांगले वागले, की विचारायला जागाच राहिली नाही. सहा महिन्यांनी ते कापड त्यांनी तसंच मुकाट्यानं काढून टाकलं.

मी त्या घरात वाढले. शिकले. शिक्षिका झाले. काका-मावशीचं दुखणंखुपणं, शेवटचं सगळं मीच केलं. ते माझेच आईवडील होते, यात मला कधी शंका वाटली नाही. आई संक्रांतीला आली, पुढंही येत राहिली, सुट्टीत मी मंठ्याला जात राहिले. शकूचं सतराव्या वर्षी लग्न झालं. जावई साधे, मळ्यात राबणारे. तिचं बरं चाललंय. माझ्या शाळेतल्या मुलांना घेऊन मी दर वर्षी पाणचक्की आणि मकबरा दाखवायला जाते. मुलं मासे बघतात, दगड उगाच का फिरतो ते विचारतात. मी उत्तरं देते.

आईला मी एकदाच विचारलं. तेव्हा मला स्वतःला मुलगी झाली होती आणि आई बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. ती मेथी निवडत होती.

"त्या दिवशी मी खोटं बोलले, तर तू गप्प का राहिलीस?"

कोणता दिवस, असं तिनं विचारलं नाही. ती पानं खुडत राहिली.

"शकूचं ठरलं होतं," ती म्हणाली. "आक्कानं तिलाच मागितलं होतं. पण आदल्या रात्री ती माझ्याजवळ झोपली होती ना, तर एक शब्द बोलली नाही. रडली नाही. तिला कळलंय हे मला कळत होतं, तरी मुकाट. वाटलं, ही पोर इथं अशीच राहील. जेव म्हणलं की जेवेल, बस म्हणलं की बसेल. आत काय चाललंय ते कुणाला समजायचं नाही. अन् सकाळी तू फाडकन खोटं बोललीस. मनात म्हणलं, हिची काळजी नाही. ही भांडेल, ओरडेल, खोटं बोलेल, पण राहील."

"म्हणजे तू मला निवडलंस."

"मी कशाला निवडू?" आईनं पहिल्यांदा वर पाहिलं. "तू बोललीस. मी गप्प बसले. दुसरं काय केलं मी?"

मी खूप दिवस त्या उत्तराचा विचार केला. ते कौतुक होतं की आणखी काही, मला ठरवता आलं नाही. मग मी तो नाद सोडला.

आई गेली त्याला आता चार वर्षं झाली. दिवसकार्य झाल्यावर पाहुणे पांगले आणि शकू आणि मी स्वयंपाकघरात उशिरा जेवायला बसलो. दुपारचे तीन वाजून गेले होते. दोघींनाही भूक नव्हती. शकूनं दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"मंदे, एक सांगायचंय. आई असेपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं होतं."

"काय?"

"त्या दिवशी आम्ही चिकलठाण्याला उतरलो होतो."

मला कळेना. चिकलठाणा म्हणजे शहर संपतं न संपतं तिथलंच गाव, जालन्याच्या रस्त्यावर.

"स्टँडवरून गाडी निघाली," शकू म्हणाली. "तू ओरडत होतीस ते आम्हाला ऐकू आलं. चिकलठाण्याला गाडी थांबली, तर ती एकदम उठली. म्हणाली, चल. मला ओढतच खाली उतरवलं. कंडक्टर म्हणत होता, बाई, मंठ्याची तिकिटं आहेत तुमची. आम्ही रस्ता ओलांडून पलीकडं गेलो. शहराकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभ्या राहिलो."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"गाडी आली. आईनं पायरीवर पाय ठेवला, अन् परत काढला. कंडक्टरनं शिव्या दिल्या. मग दुसरी आली. तिचंही तेच. तिसरीला तर ती दांडा धरून वर चढलीच होती अर्धी."

"मग?"

शकूनं पदरानं कपाळ पुसलं. तिचे हात रापलेले, बोटांची पेरं जाड झालेली.

"मला वाटलं, परत गेलो तर आता मला ठेवतील. तुला घेऊन जातील, अन् मला ठेवतील. घरी नाना-आई बोलत होते ते मी सगळं ऐकलं होतं ना. मी तिचा पदर धरून ठेवला होता मंदे. पहिल्या गाडीपासून. तोंडानं काही बोलले नाही. नुसता धरून ठेवला होता, दोन्ही हातांनी, असा." तिनं मुठी वळून दाखवल्या. "तिसऱ्या गाडीला तिनं वरून माझ्या हातांकडं बघितलं. मग खाली उतरली. आम्ही रस्ता ओलांडून पुन्हा अलीकडं आलो. जालन्याची गाडी आली, तिच्यात बसलो."

बाहेर ओट्यावर कुणीतरी भांडी घासत होतं.

"सोडला असता तर चढली असती ती," शकू म्हणाली.

मी तिच्या मुठींकडं बघत होते. त्या तिनं अजून उघडल्या नव्हत्या. मी हात पुढं केला आणि त्यांच्यावर ठेवला. थोड्या वेळानं तिनं एक हात सोडवून घेतला आणि माझं ताट माझ्याकडं सरकवलं.

"जेव," ती म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाहीस तू."